खांबावरचं आवतण

मु. पो. चिंचबर्डी, ता. घनसावंगी, जि. जालना
ईदचा चौथा दिवस, मंगळवार

श्रीमान मच्छिंद्रराव यांच्या सेवेशी,

चिंचबर्डी ग्रामपंचायतीचा निवृत्त शिपाई याकूब याचा सलाम, आणि तुमच्या घरात नमस्कार चालतो म्हणून नमस्कारही. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात काहीही खुशाल नाही, ते पुढं येईलच. तुमची शुगर किती आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम आहे. थंडीत आवाज जरा बसला होता, पण थंडीत सगळ्यांचाच बसतो. गेल्या महिन्यात अतिकच्या मोटारसायकलवर बसून नवीन जालन्याला दवाखान्यात जाऊन आलो, ते चष्म्याचं होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. (आमचा लेक अतिक आता एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कायम झाला आहे. मी मागं बसून हळू चालव म्हणतो, तो हो म्हणतो आणि जोरात चालवतो.)

हे सगळं पत्र अहो-जाहोत लिहायचं ठरवलं होतं, कारण मी रागावलो आहे आणि राग आला की आमच्या घरात माणसाला मान देतात. (रहिमुन्निसा मला 'आप' म्हणाली की मी आधी चपला शोधतो.) पण साठ वर्षं ज्याला अरे-तुरे केलं त्याला एवढा मान द्यायला हात तयार नाही, म्हणून पुढं तू. फोन का केला नाहीस असं विचारशील. मी फोनवर रागावलो की तू रेंज नाही म्हणून ठेवून देतोस आणि तासाभरानं 'जेवलास का' असा मेसेज टाकतोस. या वेळी ते चालणार नाही. कागदावरचा राग तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

आता मुद्दा. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी लिहिणार आहे, कारण हल्ली तुला बरंच काही आठवत नाही असं दिसतं. या गावात चौतीस वर्षं पंचायतीची दवंडी मी दिली. नोकरी संपल्यावरही नऊ वर्षं दिली, कारण नव्या शिपायाला गल्लीत ओरडायची लाज वाटते. सायकलच्या दांडीला भोंगा लावायचा आणि निघायचं. ग्रामसभा असो, टँकर असो, रेशनचं धान्य असो, कोणाची शेळी हरवलेली असो, मी सांगितल्याशिवाय चिंचबर्डीत काही झालं नाही. तू तिकडं संभाजीनगरला एसटीत लागलास आणि बसस्थानकावर माईकसमोर बसून जन्मभर गाड्या सांगितल्यास. म्हणजे दोघांनीही आवाजावर पोट भरलं. फरक एवढाच की तुझं ऐकून माणसाची एक गाडी चुकली तर तो दुसऱ्या गाडीनं जातो. माझ्या सांगण्यात एक नाव मागंपुढं झालं तर दोन भावकींचं बोलणं बंद होतं.

तर तुझा पुतण्या अंगद. सरपंच झाल्यापासून त्याला गाव सुधारायचं आहे. गावाचं काही म्हणणं नव्हतं, पण ठीक आहे. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पंचायतीसमोरच्या खांबावर चार भोंगे चढवले, चार दिशांना चार तोंडं. आत कपाटात एक डबा ठेवला. संगणकावर बसणारी तृप्ती दुपारी त्यात आवाज भरून ठेवते, आणि सकाळी सहाला व संध्याकाळी सहाला तो डबा आपला आपण बोलायला लागतो. मला कोणी विचारलं नाही. मी सायकल घेऊन पारापाशी उभा होतो आणि डोक्यावरून आवाज आला, 'ग्रामस्थांनो'. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला ग्रामस्थ म्हटलं नाही. समोर माणूस दिसतो, त्याला नाव असतं. (आवाज कोणाचा, ते इथं लिहीत नाही. आत्ता लिहिलं तर पुढचं पत्र हातून लिहून होणार नाही.)

आणि सांगितलं काय, तर वसंतोत्सव. आपल्याकडं थंडी गेली की ऊन येतं, मधे काही येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण अंगद कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला आणि येताना वसंत घेऊन आला. कार्यक्रमपत्रिका छापली, वर हात जोडलेला स्वतःचा फोटो. आधी महिलांची पाककला स्पर्धा, मग जनावरांना लाळ-खुरकुताची लस, रंगपंचमीला गावजेवण, पाडव्याला ज्येष्ठांचा सत्कार (यादीत मी नाही, दोनदा बघितलं), घरकुलाच्या यादीचं वाचन, ईद मिलन, रामनवमीला जांब समर्थला जायला ट्रॅक्टरची सोय, आणि सगळ्यात खाली, बैलांच्या लसीच्याही खाली, चैत्र पौर्णिमेची आपली यात्रा. हे सगळं त्या डब्यानं एका दमात, एका सुरात सांगून टाकलं. वाचणाऱ्यानं मधे श्वास घेतला नाही आणि ऐकणाऱ्यालाही घेऊ दिला नाही. परिणाम असा की पाककला स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सात म्हशी हजर, आणि लसीच्या दिवशी जनावरांचे डॉक्टर पेटी उघडून एकटेच बसलेले, समोर दोन बायका शेवयाच्या खिरीची पातेली घेऊन. डॉक्टरांनी खीर खाल्ली म्हणतात. म्हशींना मात्र लस अजून मिळालेली नाही.

इथपर्यंत मी हसत होतो, खोटं कशाला बोलू. रंगपंचमीनं माझं हसू घालवलं.

गावजेवण म्हटलं की आवतण आलं. दारात उभं राहायचं, घरच्या माणसाचं नाव घ्यायचं आणि आज चूलबंद आहे म्हणून सांगायचं. म्हणजे त्या घरची चूल पेटत नाही, पाळण्यातल्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पंगतीला येतात. दारात आवतण आल्याशिवाय चिंचबर्डीतला माणूस जेवायला जात नाही, मग पंगत त्याच्या अंगणात का बसेना. हे तू विसरला असशील, शहरात तुम्ही बोर्ड वाचून जेवता. आणि हा डबा सकाळी सहाला खांबावरून म्हणतो काय, 'सर्व ग्रामस्थांना चूलबंद निमंत्रण'. सर्व ग्रामस्थ कोण? त्या नावाचं गावात एकही घर नाही.

लोकांनी काय केलं? चूलबंद म्हटलं म्हणून चुली पेटवल्या नाहीत. अंघोळी केल्या, धुतलेले कपडे घातले, आणि आपापल्या पायरीवर येऊन बसले, आवतणाची वाट बघत. अकरा वाजले, बारा वाजले. आमच्या गल्लीत सगळी आळी पायऱ्यांवर बसलेली मी खिडकीतून बघत होतो. लेकरं भुकेनं कुरकुरत होती, पण उठत कोणी नव्हतं, कारण शेजारचा उठलेला नव्हता. तिकडं मंडपात चार क्विंटल गव्हाच्या बट्ट्या, तीन कढया वरण, आणि तालुक्याहून आलेले साहेब रिकाम्या सतरंज्यांसमोर हार घालून बसलेले.

दीड वाजता अंगद घामाघूम होऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "चाचा, एक चक्कर मारा ना. साहेब बसून राह्यलेत, लोक उठून न्हाई राह्यले. तुम्ही काही बोलू बी नका, नुसते दारादारात उभे राहा, लोक बराबर समजतील." ऐकलंस? चौतीस अधिक नऊ वर्षं ज्यानं गावाला हाक मारली त्याला हा म्हणतो, बोलू नका, नुसते उभे राहा. मी एक शब्द बोललो नाही. मान हलवली आणि आत गेलो. रोजा होता, ऊन होतं, आणि अपमान तर होताच. तो बाहेर बराच वेळ हात जोडून उभा होता (पत्रिकेवर जोडले आहेत तसेच, त्यामुळं खरे कुठले ते मला कळलं नाही). चार वाजता लोकांनी शिव्या देत चुली पेटवल्या. बट्ट्या दोन दिवस गावातल्या जनावरांनी खाल्ल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. लेकरं उपाशी होती आणि मी दार लावून बसलो होतो. हे मी कोणाजवळ बोललो नाही, तुला लिहितो आहे.

यातून एखादा शहाणा माणूस काय शिकला असता? अंगद असं शिकला की डब्यात नावं घालायची राहून गेली. त्यानं ग्रामसभा बोलावली. डब्यानं वेळ सांगितली अकरा. आपल्याकडं अकरा म्हणजे दीड, हे जन्मलेल्या लेकरालाही कळतं, आणि मी दवंडी देताना अकराची सभा असली की 'नवाची सभा' म्हणून सांगत आलो. लोक दीडला पोचले तोवर सभा माणसं पुरेशी नाहीत म्हणून तहकूब झाली होती, आणि तहकूब सभेला माणसं मोजायची गरज नसते म्हणून अर्ध्या तासात पुन्हा भरून, आठ जणांत ठराव होऊन संपलीही होती. ठराव असा की घरपट्टीच्या रजिस्टरातली चारशे बारा नावं डब्यात भरावीत आणि इथून पुढं सगळी आवतणं खांबावरून द्यावीत. यात्रेच्या भंडाऱ्याचंसुद्धा.

आता घरपट्टीचं रजिस्टर कसलं आहे ते मला विचार, अडतीस वर्षं मी ते कपाटातून काढलं आणि ठेवलं. (चौतीस म्हणायचं होतं. रागात आकडे वाढतात.) त्यात निम्मी घरं गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. वाटण्या झाल्या तरी तीन भाऊ एकाच ओळीत आहेत, आणि त्यातला मधला धाकट्याचं नाव आधी घेतलं तर जेवायला येत नाही. माहेरी राहायला आलेल्या लेकीचं नाव रजिस्टरात नाही, पण दारात तिला वेगळं विचारावं लागतं, नाहीतर ती स्वतःहून बाहेर पडत नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं. ते मला माहीत असतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला चाचणी म्हणून पहिली तीस नावं खांबावरून सोडली. माझा शेवटचा रोजा होता, मी पायरीवर बसलो होतो. आमच्या शेजारची चांगुणाबाई अंगणात तुळशीपाशी डाळ निवडत बसली होती. आणि खांबानं तिच्या मालकाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं 'सहकुटुंब भोजनास यावे'. मालकाला जाऊन सतरा वर्षं झाली, मच्छिंद्रा. म्हातारीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती उठली, आमच्या पायरीपाशी आली आणि मला म्हणाली, "याकूब, त्यान्ला जेवाया बोलावलं बघ खांबानं. मंग मी ताट वाढून ठिवू का न्हाई?" ती रागानं बोलली नाही, अंगदसारखी हात जोडून बोलली नाही, साधं विचारलं. मी काय सांगणार? मी हातानंच खूण केली, बस म्हणून. ती आमच्या पायरीवर बसून राहिली. रोजा सोडायच्या वेळी रहिमुन्निसानं तिच्या हातावर खजूर ठेवला, तो तिनं खाल्ला, आणि मग घरी जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ सहाला कानावर पदर धरून बसते.

त्या क्षणी मला खांब पाडावासा वाटला. कुऱ्हाड कुठं आहे तेही विचारलं. (रहिमुन्निसा म्हणाली, "आप बैठिए." मी बसलो.)

यात्रा नऊ दिवसांवर आली आहे. आपल्या यात्रेत पाळणे कमी असतील, कुस्त्यांना जांबचे पैलवान येणार नाहीत, ते सगळं मी सोसेन. पण भंडाऱ्याचं आवतण खांबावरून जाता कामा नये. गेलं तर रंगपंचमीसारखं गाव पायरीवर बसेल, देवाचा नैवेद्य उघड्यावर पडेल, आणि चाळीसएक बायका आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव कान देऊन ऐकतील. अंगदला हे सांगायला मी जाणार नाही. तो मला म्हणेल, मग चाचा तुम्ही जाता का. आणि मी जाणार नाही. कारण मी रागावलो आहे, एवढं कारण पुरे.

असो. पत्र लांबलं. वहिनींना गुडघ्याला तिळाचं तेल चोळायला सांग. शीरखुर्मा तुझ्या वाटणीचा ठेवला होता, तू आला नाहीस, तो अतिकनं खाल्ला. लहानांना दुवा, थोरांना सलाम, तुला काहीच नाही.

तुझा (अजून तरी),
याकूब

ता. क. : पत्र वाचून काढताना लक्षात आलं की आवाज कोणाचा ते राहूनच गेलं. तुझा. पहिल्या 'ग्रामस्थांनो'लाच ओळखला. नदीच्या अलीकडून ओरडून पलीकडं कोणाचा आवाज जातो अशी आपली पैज लागायची, तो आवाज मी चार भोंग्यांतून ओळखणार नाही? अंगद तुला मोबाइलवर मजकूर पाठवतो आणि तू वाचून परत पाठवतोस, हे तृप्तीकडून काढून घेतलं. तू मला एका शब्दानं कळवलं नाहीस. तेही मी गिळलं असतं. पण चांगुणाबाईच्या मालकाचं नाव तुझ्या तोंडून निघालं कसं? त्याच्या तिरडीला पुढं उजवीकडं तू होतास आणि डावीकडं मी होतो. ते नाव वाचताना तू एकदा थांबला नाहीस. जालना-अंबड-घनसावंगी गाडी फलाटावर लागत आहे म्हणावं तसं म्हणून पुढच्या नावावर गेलास. याचा मला राग आहे. बाकीचं सगळं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, हे एवढं ठेव.

ता. क. दुसरा : याला शिक्षा आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं ये. चारशे बारा दारं आपण दोघं पायी फिरायची. दारं मी दाखवीन. कोणत्या घरी कोणाचं नाव घ्यायचं ते मी तुझ्या कानात सांगीन. हाक तू मारायचीस, कारण चूक तुझी आहे. पहिलं दार चांगुणाबाईचं. तिथं तिचंच नाव घ्यायचं, आणि मोठ्यानं.

ता. क. तिसरा : येताना पावशेर ज्येष्ठमध आणि थोडी खडीसाखर आण. घरात लागते. कोणाला, ते विचारू नकोस.

मच्छिंद्रभाई, सलाम. मी रहिमुन्निसा. पाकीट चिकटवाया माझ्याकडं दिलं म्हणून खाली लिहून राह्यले, ह्यांना सांगू नका. चष्म्याचं लिहिलंय ते बिलकुल खोटं. जालन्याच्या डाक्टरनं गळा बघितला. दिवाळीपासून आवाज गेलाय, नुसती फुसफुस येती. ओरडलं तर तीबी जाईल म्हणला. तरी हे रोज सायकल घेऊन निघायचे. भोंग्यातून काय बी ऐकू यायचं न्हाई, लोक अंदाजानं समजून घ्यायचे, पण ह्यांच्या तोंडावर कोणी बोललं न्हाई. मंग मीच अंगदकडं गेल्ते. मीच म्हणलं, भोंगे लाव. तुम्हाला त्यानं 'याकूबचाचाला विचारलंय' म्हणून सांगितलं असंल, तेबी मीच सांगाया लावलं. रंगपंचमीला हे आत आले ते भिंतीकडं तोंड करून रडले. बोलवायचं मनात होतं, गळ्यात न्हवतं. अंगद आधी जालन्याच्या एका दुकानातला तयार आवाज घेणार व्हता. मी म्हणलं, मच्छिंद्रभाईचा घे, दुसऱ्या कोणाचा ह्यांना सोसणार न्हाई. सकाळी सहाला तुमचा आवाज सुरू झाला की हे पायरीवर जाऊन बसतात. शिव्या देतात, पण त्या मलाच ऐकू येतात. सगळं संपेपर्यंत उठत न्हाईत. तुमचं बोलणं सुरू असतं तवर ह्यांचे ओठ हलत असतात, तुमच्या बराबर. जल्दी या.